गौडाची कूस

लोणीचे बबनअण्णा लग्नाला येत, अक्षता टाकत आणि पंगत बसायच्या आत निघत. "न्हाई थांबता येत, राव. गौडाची कूस बदलायचीय."

गौडा म्हणजे चीज. चार किलोंची पिवळी, जाड चकती.

नव्वदच्या दशकात दूध संस्थेच्या दौऱ्यात अण्णा हॉलंडला गेले होते. बाकीच्यांनी दूध काढायच्या यंत्रांचे फोटो काढले. अण्णा गौडा नावाच्या गावात रमले. तिथल्या चीजलाही गावाचंच नाव. गोदामात एक म्हातारा फळीवरच्या चकत्या एकेक करून उलटत होता. एकाच अंगावर राहिली तर चकती खालून ओल धरते, असं दुभाष्याने सांगितलं. अण्णांनी मान हलवली आणि परत आले.

दहा वर्षांनी त्यांनी अचानक चीज करायला घेतलं. पहिली चकती तडकली. दुसरी कुत्र्याने हुंगून सोडली. तिसरी टिकली. ती वर्षभर मुरवायचीच, असं अण्णांनी ठरवलं. घरात पंखा माणसांना, कूलर गौडाला.

"गावाचं नाव लोणी," धाकटा भाऊ शंकर म्हणायचा, "आन् आमचा दादा हॉलंडचा गौडा पाळतोय!"

सहाव्या महिन्यात पुण्याचा एक हॉटेलवाला आला. अण्णांनी चहा दिला, चकती दिली नाही. "वर्ष म्हंजे वर्ष."

वर्ष भरलं. मी तेव्हा मंचरला वार्ताहर होतो, बातमीसाठी गेलो. चकती कापली. शंकररावांनी दुसऱ्यांदा हात पुढे केला. "लई भारी! सुटलास, दादा. आता लेकीकडं चार दिस ऱ्हायला जा."

अण्णा उठून आतल्या खोलीत गेले. दारातून मला दिसलं. फळीवर नवी चकती होती. एक हात खाली, एक वर धरून त्यांनी ती सावकाश उलटली, खालचं फडकं नीट केलं. "झालं हां, झालं," ते तिला म्हणाले.

त्यांच्या सुनेने पाहिलं, मी पाहतोय ते. सासूबाई अर्धांगवायूने सहा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, तिने सांगितलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी अण्णाच कूस बदलायचे. "दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हते. सासूबाई गेल्या, तरी घड्याळ बघून उठायचे. मोकळ्या खाटंपाशी जाऊन उभे. मग हे सुरू केलं."

"पावणं, जेवूनच जा," आतून अण्णा म्हणाले. "मी कुठं जातोय? घरीच हाय."