चढावरचा ट्रक आणि त्याचे खटले

जाणत्यांनी विचारिले की, पुलाच्या चढावर ट्रक आणि मोटार यांची गाठ पडोन जो संग्राम जाहला, तो कैसा घडला आणि फत्ते कोणाची जाहली, ते इत्थंभूत निवेदन करणे. त्यास, घडले तेच लिहितो. चार अक्षरे अधिक पडल्यास तो शाईचा दोष समजावा.

वर्तमान ऐसे जे, मोटार शिकविणारे मास्तर, स्टिअरिंगबहाद्दर, क्लचशास्त्रनिपुण, ज्यांनी अर्ध्या शहरास गिअर टाकावयास शिकविले आणि उरलेल्या अर्ध्यास रस्ता सोडावयास लाविले, ते आपली मोटार घेऊन एकटेच स्वारीस निघाले. चढावर सिग्नल लाल जाहला. पुढे विटांनी लादलेला ट्रक, साक्षात किल्ला, उभा राहिला, आणि मास्तर त्याचे तटास जवळजवळ टेकोन थांबले. मग सिग्नल हिरवा जाहला, आणि किल्ला पुढे जावयाचा तो मागे आला. मास्तरांनी हॉर्नाचा भडिमार केला, परंतु किल्ल्यास कान नव्हते. मोटारीचे नाक चेपले, दिवे फुटले, आणि खासे मास्तर तेवढे सुखरूप राहिले.

ट्रकाचा ड्रायव्हर खाली उतरोन म्हणाला, "काय मास्तर, मागून ठोकलीत? मागचा तो दोषी, तुम्हीच शिकवता की!"

येथे मोठा घात जाहला. कां की, हे वचन मास्तरांनी आपल्या शाळेचे भिंतीवर दस्तुरखुद्द रंगविले होते, आणि शहरात ज्यास मोटार येत नसे त्यासही ते वचन येत असे. मग परवाना अधिकारी साहेबांचे फर्मान सुटले की, जो गुरू स्वतः मागून धडकतो त्याचे शाळेस टाळे कां न लावावे, हे हुजूर येऊन सांगावे. मास्तरांचे धाबे दणाणले. शाळा गेली तर त्यांस दुसरा हुन्नर येत नव्हता. एकदा चहा करावयास गेले असता त्यांनी शेगडीस क्लच शोधिला होता.

मग मसलत बैसली. पूर्वीचे काळी वकील म्हणजे परमुलखी धाडावयाचा मुत्सद्दी. येथे वकील म्हणजे मास्तरांची मेहुणी, जीस त्यांनी मागे गाडी उलटी लावण्यात नापास केले होते. मास्तर बोलिले की, तो म्हणतो मी मागून आलो, मी म्हणतो तो मागे आला, निकाल लागावा कैसा?

"भाऊजी, दोन मोटारी असत्या तर तुम्ही दोघं, तुमचे दोन विमे, खेळ खलास. हा धंद्याचा ट्रक आहे. मोटारीला मालक असतो, ट्रकाला खटलं असतं!"

"म्हणजे कोर्टातलं?"

"अहो, घरातलं! एकत्र कुटुंब. मालक, मेकॅनिक, माल भरणारे. ड्रायव्हर म्हणजे त्या घरातली धाकटी सून. काही फुटलं की तिच्यावर ढकलायचं. कायदा मात्र अख्ख्या घराला जाब विचारतो."

"धाकट्या सुनेचं मला विचारा," मास्तरीणबाई आतून म्हणाल्या, आणि मास्तर त्या दिशेस पाहते ना जाहले.

मग मास्तर आणि मेहुणी यांनी ट्रकांच्या तळावर कूच केले. ड्रायव्हर टायरावर बसोन होता. मालकाने त्यास बजाविले होते की, मोटार मागून आली ऐसेच सांग, नाहीतर सारे तुझे एकट्याचे माथी. तेव्हा मेहुणी म्हणाली, "दादा, ब्रेक नीट ठेवणं मालकाचं काम, माल बेताचा भरणं भरणाऱ्यांचं, तुम्हाला झोप मिळते की नाही हे बघणंही मालकाचंच. सगळं तुमच्या एकट्यावर येत नाही. खोटं बोललात तर मात्र ते खोटं एकट्या तुमचं."

ड्रायव्हर टायरावरोन उठला. मग म्हणाला, "ट्रकच मागं आला, मास्तर. ब्रेक धरत नाही म्हणून मालकाला सांगितलं होतं. म्हणाले, एवढी खेप टाक, मग बघू."

हीच कैफियत त्याने हुजूर दिली, आणि गनिमाचे गोटात दाणादाण उडाली. मेकॅनिक म्हणे विटा फार. भरणारे म्हणती मालकाचा हुकूम. मालक म्हणे पुलास चढ फार. साहेबांनी निवाडा केला की, ट्रक मागे आला हे सिद्ध. मास्तरांची शाळा पूर्ववत चालावी. मालकाने आणि त्याचे समस्त खटल्याने जाब द्यावा. ड्रायव्हराने जाणोन सदोष ट्रक हाकिला, सबब त्याचे वाट्याचा ठपका त्यासही यावा. आणि मास्तर चढावर ट्रकास चिकटोन उभे होते, यास्तव त्यांनी अंतर राखण्याचा धडा दुसऱ्या कोणा मास्तरांचे शाळेत जाऊन घ्यावा.

तदनंतर ते विजयी वीर शिकाऊंच्या बाकावर बैसले आणि वही उघडिते जाहले. येणेप्रमाणे बहुत कष्टे फत्ते पदरी पडली, ती येथे नोंदिली असे. मास्तरीणबाई तीस फत्ते म्हणत नाहीत. परंतु बखर त्यांनी लिहिलेली नाही.