झेलणाऱ्याचा बाप

परांजपे कुणाला काही हातात देत नाही. फेकतो. किल्ली असो, लिंबू असो, गोळ्यांची पट्टी असो, सहा पावलांवरून "हात!" असं ओरडतो आणि टाकतो. आपण झेललं तर आपण माणूस. नाही झेललं तर वाकून उचला आणि वर त्याचं ऐकून घ्या, "डोळे कुठे होते?"

आमच्या इथे सिंगापूरला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या दुकानांत, जेवायला जागा धरायची तर लोक टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवतात. पाकीट दिसलं की दुसरा कुणी बसत नाही. परांजपे ते पाकीट खांबापाशी उभा राहून फेकतो. बहुतेक वेळा बरोबर टेबलावर जातं. एकदा एका चिनी म्हाताऱ्याच्या नूडल्सच्या वाडग्यात गेलं. चहावाली आंटी किंचाळली, "अंकल, डोन्ट थ्रो लाह!" परांजपे म्हणाला, "मी बरोबर टाकलं होतं. वाडगा हलला."

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करतो. लिहिताना जमत नाही, हात अडखळतो. त्याला राग आला तर येऊ दे.

माझी-त्याची ओळखही अशीच झाली. मी सेरंगून भागात मुलाकडे राहतो. मुलगा तिकडे वन-नॉर्थ भागात कंप्यूटर कंपनीत, सून तिच्या ऑफिसात, नातवंडं शाळेत, आणि मी खाली बाकावर. समोरून हा पासष्टी ओलांडलेला गडी आला, पिशवीतून मोसंबं काढलं आणि ओळख ना पाळख, दिलं भिरकावून. मी डाव्या हातानं झेललं. बसूनच. त्याला काय माहीत मी गवंडी! चौथीत शाळा सोडली आणि चाळीस वर्षं परांचीवर उभं राहून खालून आलेल्या विटा झेलल्या.

"कुठे शिकलात हे?" तो मराठीतच बोलला. माझी टोपी बघितली असणार.

"परांचीवर."

"पुन्हा दाखवा."

आणखी तीन मोसंबी आली. तिन्ही झेलली. मग मीच त्याला सांगितलं, वीट धरायला जायचं नसतं. धरायला गेलं की बोट गेलं. हात पुढे न्यायचा, वीट लागली की तिच्याबरोबर हात मागे आणायचा. तिला कळता कामा नये की ती थांबली.

परांजपे डोळे मिटून ऐकत होता. "माझा मुलगा हेच करतो," म्हणाला. "अमेरिकेत. नोकरी आहे त्याची ती."

तेव्हापासून मी त्याचा 'मिस्त्री' झालो.

परांजपे बँकेतला. तरुणपणी अमेरिकेत होता, बायको तिथलीच केली. पटलं नाही. मुलगा निखिल नऊ वर्षांचा असताना हा नोकरीसाठी सिंगापूरला आला आणि इथलाच झाला. पोरगा आईजवळ राहिला. तिथे एक फुटबॉल असतो, लांबट, दोन्हीकडे टोक असलेला, आणि तो पायानं कमी, हातानंच जास्त खेळतात. त्यात वाइड रिसीव्हर म्हणून एक असतो. तो पार कडेला उभा राहतो. खेळ सुरू झाला की जिवाच्या आकांतानं पळतो, ठरलेल्या जागी ठरलेला वळतो, आणि मागून चेंडू आला तर झेलतो.

"आला तर?" मी विचारलं.

"चार-पाच जण पळतात, मिस्त्री. चेंडू एकालाच."

"मग बाकीचे कशाला पळतात?"

"फसवायला. समोरच्याला वाटलं पाहिजे की यालाच मिळणार."

"आणि पळणाऱ्याला काय वाटतं?"

परांजपेनं पिशवीत हात घातला. लिंबू फेकलं.

निखिल अठरा वर्षांचा झाला तेव्हा त्यानं फोन करून सांगितलं, बाबा, मी इंजिनियर होणार नाही, मी हे खेळणार. आणि आमचा शहाणा माणूस फोनवर म्हणाला, "फेकलेल्या चेंडूमागं पळणं हे कुत्र्याचं काम आहे." पोरानं फोन ठेवला. त्याला आता आठ वर्षं झाली. दोघंही एकमेकांशी बोलले नाहीत. पोराचा नंबर मात्र परांजपेकडे आहे, त्याच्या आईनं दिलेला.

या आठ वर्षांत पोरानं काय काय सोसलं ते परांजपेला तोंडपाठ. आधी कुणी घेतलंच नाही. मग एका संघानं नुसतं सरावापुरतं ठेवलं, खऱ्या खेळाडूंना सराव व्हावा म्हणून. तिथून काढलं. दुसऱ्या गावानं घेतलं, त्यांनीही काढलं. मग तिसऱ्यानं. आणि परांजपे इथे बसून त्या त्या गावची हवा पाळायचा. एकदा बाहेर ऊन रणरणतंय आणि हा लोकरीचा स्वेटर घालून लिफ्टमध्ये. घाम टपकतोय. मी म्हटलं, "बरं नाही का?"

"तिकडे बर्फ पडतोय," तो म्हणाला, जसा काही सहाव्या मजल्यावर पडतोय.

मी एकदा सरळ बोललो. "फोन करा त्याला."

"पहिला झेल घेऊ दे. खऱ्या मॅचमध्ये. समालोचक नाव घेईल, परांजपे म्हणेल. मग लगेच करतो. अभिनंदन म्हणायचं आणि त्यातच बाकीचं म्हणून टाकायचं."

"चुकलं म्हणायला निमित्त कशाला लागतं?"

"तुम्हाला नाही कळायचं, मिस्त्री."

मला नाही कळायचं! चार दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी तोच खाली आला, म्हणाला, चला, निखिलला मैदानात उतरवलंय.

पुढाऱ्याच्या सभेला जावं तसा मी इस्त्रीचा सदरा घालून त्याच्याकडे गेलो. तिकडची दुपार म्हणजे आपली मध्यरात्र, म्हणून परांजपे मॅच रेकॉर्ड करायचा आणि सोमवारी सकाळी आंघोळ करून बघायचा. तोवर पेपर उघडायचा नाही, मोबाइल उशीखाली. पडद्यावर लोखंडी टोपी घातलेली माणसं. पाठीवरचं नाव मला वाचता येईना, पण परांजपेनं बोट ठेवलं, "हा." उंच पोरगा, कडेला एकटा उभा. खेळ सुरू झाला, पळाला. चेंडू दुसरीकडे गेला. परत आला, उभा राहिला. पळाला. चेंडू दुसरीकडे. मला खरं सांगायचं तर त्या खेळातलं काही कळलं नाही, पण ते पोरगं दर वेळी असं पळायचं की आता आलाच चेंडू.

असे तीन सोमवार गेले. तिसऱ्या सोमवारी एकदाच चेंडू त्याच्याकडे आला. उंच आला. पोरानं उडी मारली, बोटं लागली आणि गेला वरून. खुर्चीत परांजपेचे हात वर गेले होते ते बराच वेळ तसेच राहिले. समालोचकानं नाव घेतलं नाही. नाव घ्यायला चेंडू हातात यावा लागतो.

त्याच आठवड्यात बुधवारी सकाळी त्याचं दार उघडं दिसलं. परांजपे सोफ्यावर बसला होता, समोर मोबाइल. "काढलं त्याला," म्हणाला. "गुडघाही गेलाय. आता कुणी घेणार नाही. संपलं."

मी खाली बसलो.

मग त्यानं नंबर लावला. त्याला ऐकू कमी येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. एक बाई इंग्रजीत बोलली, निरोप ठेवा. परांजपे ताठ बसला.

"निखिल. बाबा बोलतोय. पहिली मॅच, दुसरा भाग. तू आत वळलास तेव्हा तुझ्या आसपास कुणी नव्हतं. चेंडू टाकणाऱ्यानं बघितलंच नाही. तू मोकळा होतास. त्याच मॅचला शेवटी, डाव्या कडेनं—"

टूं. बंद. मशीनला तेवढंच ऐकता येतं. त्यानं परत लावला.

"डाव्या कडेनं तू दोघांना मागे टाकलंस. मोकळा होतास. दुसरी मॅच. पावसात. तू घसरलास, उठलास, तरी वेळेवर पोचलास—"

टूं. परत लावला. असं चार वेळा. कागद नाही, चिठ्ठी नाही, सगळं डोक्यातून. पाचव्यांदा घंटी लवकर थांबली. मधे बाई बोलली नाही. माझ्या लक्षात आलं, त्याच्या नाही.

"तिसरी मॅच," परांजपे म्हणाला. "तो उंच आलेला. त्यात तुझी चूक नव्हती. त्यानं टाकलाच वर."

"नाही, बाबा." जाड आवाज होता, पण मराठी नऊ वर्षांच्या पोराचं. "मी लवकर वळला. माझी चूक."

परांजपे उठून उभा राहिला. मला वाटलं आता रडतो. तो भांडायलाच लागला.

"लवकर नाही! बरोबर वळलास. मी पाहिलंय."

"बाबा, मी तिथे होतो."

"मीही होतो," परांजपे म्हणाला.