बाप्पाला कोंब फुटला

मखमलाबादच्या मळ्यात मेथी-कोथिंबीर पिकवणाऱ्या गोटीरामने त्या वर्षी पहिल्यांदाच बायकोसमोर सुनेची बाजू घेतली, आणि पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

सून तेजस्विनीला बियांचा गणपती आणायचा होता. लाल मातीची मूर्ती, पोटात झेंडूचं बी, खाली कुंडी. विसर्जनाला नदीवर जायचं नाही. कुंडीतच पाणी घालायचं, मूर्ती मातीत मिसळते आणि मागे रोप उगवतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून पोरीने मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

कलाबाईला ते मुळीच पटलं नाही. तिच्या सासूच्या काळापासून या घरचा गणपती वाजतगाजत गंगेवर, म्हणजे गावच्या नदीवर, जात होता.

"देवाला कुंडीत बुडवायचं? तो काय मनीप्लँट हाय?"

"आणू दे की एक वर्ष," गोटीराम हळूच म्हणाला. (बोलून झाल्यावर तो दोन पावलं मागेही सरकला.)

"आणा. पण विसर्जनाच्या आधी मूर्तीला नखाएवढं जरी काही झालं, तर पुढच्या वर्षी आपला जुनाच गणपती. मग सुनेनं तोंड उघडायचं नाय."

बाप्पा बसले. रोजची पूजा गोटीरामकडे. आता मातीत बी आहे हे कळल्यावर त्या माणसाला चैन कुठून पडणार? बी कोरडं पडलंय आणि आपण समोर उभे राहून टाळ्या वाजवतोय, हे त्याच्या जिवाला लागे. पहिल्या दिवशी त्याने दूर्वांनी दोन थेंब शिंपडले. दुसऱ्या दिवशी पळीभर पाणी घातलं. मग घरात कुणी नाही असं बघून बाप्पाच्या पाठीमागून तांब्याच कलता करू लागला. (थोडासाच, असं त्याचं म्हणणं.)

आणि एका सकाळी कलाबाईची हाक आली. "अहो, इकडं या. हातातलं टाका आणि आधी इकडं या."

बाप्पाच्या पोटातून, बेंबीच्या जरा वर, हिरवागार कोंब बाहेर आला होता.

गोटीरामला बायकोची अट आठवली. तेजस्विनीचा चेहरा पार उतरला. पण कलाबाईने जमिनीला कपाळ टेकवलं, आणि ती उठली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"इतके गणपती बसवले," ती म्हणाली, "पण असा जिता बाप्पा नाय पाह्यला."

मग काय, अख्खी गल्ली लोटली. नारळांचा ढीग पडला, मोबाइल वर झाले. शेजारच्या सगुणाबाईने लेकाच्या लग्नाचा नवस बोलून घेतला आणि कोंबाला पळीभर पाणी घातलं. "एवढासा जीव, तहानला असंल," ती म्हणाली. तिचं बघून मागच्या बाईने घातलं, तिचं बघून तिच्या मागच्या बाईने. रांग दारापर्यंत होती.

कुंडीच्या कडेने लाल ओघळ आला. तो एकट्या गोटीरामला दिसला. सोंडही जरा वाकलेली वाटली. आता चारचौघांत बाप्पा खचले, तर बोल लागणार तेजस्विनीला.

"थांबा," गोटीराम म्हणाला. (त्याचा एवढा मोठा आवाज त्याच्या बैलांनीही ऐकला नव्हता.) "पाणी नका घालू. हा चमत्कार नाय. रोज चोरून पाणी मीच घालत होतो. बी माझ्या हातानं उगवलंय."

रांगेतल्या पळ्या जागीच थांबल्या. कलाबाईने त्याला वरून खाली न्याहाळलं.

"तुमच्या हातानं?"

"हो."

"इतक्या लवकर?"

"हो ना."

कलाबाईला हसू आवरेना. "सगुणाबाई, ऐकलं का? पंचवटीच्या बाजारात लोकांच्या जुड्या विकून संपतात, तवा आमच्या वाफ्यात मेथीचं पहिलं पान दिसतं. आणि म्हणे, बाप्पा यांनी उगवला."

"अन् यांची गिलकी? मागच्या साली लावली व्हती," सगुणाबाई म्हणाली. "अजून वाट बघतोय."

गल्ली खदखदून हसली. गोटीराम गळ्याशपथ सांगत होता, पण ऐकतो कोण. तेवढ्यात सोंड अलगद सुटली आणि कुंडीत जाऊन पडली.

हसणं जागच्या जागी थांबलं. गोटीरामने डोळे मिटून घेतले.

"आई," तेजस्विनी हळूच म्हणाली, "बाप्पा मातीत उतरायला लागले. आपण पोचवायच्या आधीच."

कलाबाईने वाकून कोंब नीट आहे ना ते पाहिलं. मग तिने पदर खोचला. "बघता काय नुसते? देव निघालाय. आरती लावा."

आरती अशी दणाणली की रस्त्यावरचे रिक्षावाले थांबून बघायला लागले. कलाबाईने स्वतःच्या हाताने पाणी सोडलं आणि बाप्पा तिच्या डोळ्यांदेखत मातीत मिसळले. वर कोंब तेवढा ताठ उभा राहिला. तिने सुनेला जवळ ओढलं.

"पुढच्या वर्षी बी हाच आण. जरा मोठा आण."

गोटीरामचा ऊर भरून आला. आपला शब्द खाली पडला नाही. त्या आनंदात त्याने तांब्या उचलला आणि तो कुंडीकडे वळला.

"ठेवा तो," कलाबाई म्हणाली. "या कुंडीला तुम्ही हात लावायचा नाय. मला झेंडू दिवाळीला पाहिजे, होळीला नाय."