लोखंडात लपवलेला हातोडा

यंदा नाताळला नवऱ्याला काय द्यायचं, हा प्रश्न डोरीनने पानगळ संपायच्या आत निकालात काढला होता. तसं तिने धाकट्या बहिणीला फोनवर ठणकावून सांगितलंही होतं. "यंदा वेंडेल 'छान आहे' म्हणणार नाही. लिहून ठेव."

वेंडेलचं 'छान आहे' हे एक वेगळंच प्रकरण होतं. विस्कॉन्सिनातल्या त्या लहानशा गावात त्याने उभी हयात शाळेची बस चालवली. "आमचा मुलगा तसा स्वभावाने गरीब आहे हो," असं एखादी आई बसच्या दारात सांगू लागली की तो ज्या आवाजात "असेल, असेल" म्हणायचा, त्याच आवाजात तो भेटवस्तू उघडून "छान आहे" म्हणायचा. त्यानंतर ती वस्तू कोणाच्या दृष्टीस पडत नसे.

निवृत्त झाला त्या हिवाळ्यात पलीकडच्या रस्त्यावरच्या एमिल ट्वेटनने त्याला आपल्या भट्टीपाशी नेलं आणि हातात हातोडा दिला. झालं! तेव्हापासून नवरा घरात फक्त जेवायच्या वेळी दिसू लागला. बाकी वेळ मागच्या शेडमधून ठणठण ऐकू यायची. मधेच ठणठण थांबली की चटका बसला असं समजायचं आणि डोरीनने बर्फ काढून ठेवायचा.

आता लोहारकामाचा नाद लागलेल्या माणसाला काय द्यायचं? पहिल्या नाताळला तिने चांगले जाडजूड चामडी हातमोजे दिले. "छान आहेत," वेंडेल म्हणाला. हातोडा धरायच्या हातात मोजा घातला तर दांडा निसटतो, हे तिला पुढे कधीतरी दुसऱ्याच कोणाकडून कळलं. मग तिने 'जगातला सर्वोत्तम लोहार' असं लिहिलेला एप्रन दिला. तो त्याने अंगणात सॉसेज भाजताना एकदा घातला आणि पेटवून घेतला. मग ऐरणीच्या आकाराचं घड्याळ दिलं. तेही छानच होतं.

खरी आवडलेली वस्तू हातात आली की वेंडेल काही बोलतच नसे. ती कानापाशी नेऊन अंगठ्याच्या नखाने टिचकी मारायचा आणि डोळे मिटून तिचा नाद ऐकत राहायचा. रस्त्यात सापडलेल्या ट्रकच्या तुटक्या स्प्रिंगपट्टीला ही टिचकी मिळाली होती. शेजाऱ्याच्या गोठ्याच्या बिजागरीला मिळाली होती. डोरीनच्या एकाही भेटीला मिळाली नव्हती. याचं तिला फार वाईट वाटायचं. इतकी वर्षं एका ताटलीतले बटाटे वाटून खाल्ले आणि या माणसाला काय आवडतं हे आपल्याला कळू नये, हा विचार तिला अधूनमधून टोचायचा. ती ते कोणाला सांगत नसे, बहिणीलाही नाही.

वेंडेलकडून तिला काय मिळायचं? हूक. दर नाताळला स्वतः घडवलेला एक लोखंडी हूक. टॉवेलसाठी हूक, कोटासाठी हूक, कढईसाठी हूक. घरातल्या प्रत्येक कपाटाच्या आत-बाहेर हूक झाले होते आणि टांगायला वस्तू उरल्या नव्हत्या.

यंदा मात्र नशीब उघडलं. एमिल दोन उन्हाळ्यांमागे वारला. अंगणात त्याच्या हत्यारांचा लिलाव झाला, तेव्हा वेंडेल नवा गुडघा बसवून इस्पितळात पडला होता. एमिलने स्वतः घडवलेला, बाजूला लहानशा माशाचं चिन्ह ठोकलेला हातोडा कोणाच्या हाती लागला, हे त्याला कधीच कळलं नाही. तो बरेच दिवस त्या हातोड्याबद्दल बोलायचा आणि मग बोलेनासा झाला. पानगळीतच एकदा डोरीन एमिलच्या मुलीकडे, सनिव्हाकडे, तिचं लाटणं परत द्यायला गेली आणि तळघराच्या दारात कशाला तरी ठेचकाळली. बघते तर दाराला अडसर म्हणून तोच हातोडा, माशासकट.

"हा? ने की," सनिव्हा म्हणाली. "दाराला काय, वीटही चालते."

पण तो लपवायचा कुठे? घरातल्या सगळ्या कपाटांत वेंडेलने हूक बसवले असल्यामुळे तिथला कानाकोपरा त्याला पाठ होता. डोरीनने बराच विचार केला आणि तिच्या मते अगदी बिनतोड असा तोडगा काढला. लोखंड लपवायचं तर लोखंडातच! हातोडा तिने बुटांच्या खोक्यात घातला, भोवती चिंध्या कोंबल्या, वर वर्तमानपत्र गुंडाळून दोरी बांधली आणि खोकं शेडमधल्या बाकाखालच्या बादलीत, भंगाराच्या आड सरकवून दिलं. त्या बादलीला वेंडेलने कधी हात लावलेला तिला आठवत नव्हता.

पुढे काय झालं ते तिच्याच तोंडामुळे झालं. ही हुशारी ती बहिणीला फोनवर वर्णन करून सांगत असताना वेंडेल दारातून डोकावला. बाकाखालच्या बादलीत घोड्याचे खूर घासायच्या जुन्या कानशी आहेत, शनिवारच्या लोहार मंडळाच्या जेवणासाठी तेवढ्या कागदात गुंडाळून ठेवशील का, असं त्याने विचारलं. डोरीनने फोनवर हात ठेवून "हो, हो" म्हटलं आणि पुन्हा बोलायला लागली. काय विचारलं ते तिच्या डोक्यात शिरलंच नाही.

शनिवारी जत्रेच्या मैदानावरच्या सभागृहात तालुक्यातले सगळे हौशी लोहार जमले. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत शेगडी. टेबलावर ओव्हनमध्ये भाजलेले बटाट्याचे हॉटडिश आणि लोणी-साखर लावलेल्या लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या. जेवणानंतर नेहमीप्रमाणे 'टोपी' होती. प्रत्येकाने काहीतरी लोखंड आणायचं, तिकिटं घ्यायची आणि ज्याचा नंबर टोपीतून निघेल त्याने टेबलावरची एक वस्तू उचलायची. जमलेल्या पैशांतून मंडळाच्या भट्टीला कोळसा यायचा. एरवी वस्तू उघड्या ठेवत, पण नाताळात सगळ्या गुंडाळलेल्या असत. टोपी एमिलची होती.

डोरीनने हॉटडिशचा पहिला घास घेतला आणि वेंडेल म्हणाला, "खोक्यात घालून वर दोरीबिरी कशाला गं बांधलीस? जुन्या कानशी तर होत्या."

तिने टेबलाकडे पाहिलं. पुंगळ्या आणि पोत्यांच्या मधोमध तिचं बुटांचं खोकं बसलं होतं.

ती उठून मंडळाच्या अध्यक्षीणबाईंकडे, मॅव्हिसकडे, गेली. ते खोकं चुकून आलंय, गुपचूप परत दे, एवढंच तिच्या कानात सांगायचं होतं. पण जन्मभर ऐरणीशेजारी उभं राहिलेल्या माणसाच्या कानात सांगायचं कसं? डोरीन कुजबुजली. मॅव्हिसने कान पुढे केला. डोरीन जरा मोठ्याने कुजबुजली. "नीट बोल बाई, इथे सगळे बहिरेच आहेत," मॅव्हिस इतक्या खणखणीत आवाजात म्हणाली की सगळं सभागृह काय ते ऐकायला वळलं. त्यात वेंडेलही होता.

"मला तिकिटं हवीत," डोरीन म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

तिने तिकिटं घेतली ती हातभर लांब पट्टी घेतली. सभागृहात कुजबुज झाली, म्हणजे सगळ्यांना ऐकू आली. 'घरात आता लोखंडाचा एक खिळाही आणायचा नाही' असं या डोरीनने याच सभागृहात वेंडेलला बजावलेलं सगळ्यांना आठवत होतं. वेंडेल तर तिच्याकडे बघतच राहिला. मग तो शेजारच्या माणसाला सांगू लागला, की डोरीनलाही हळूहळू गोडी लागतेय, वसंतात तिच्यासाठी एक छोटी ऐरण बघावी म्हणतो. ते ऐकून डोरीनला आपलीच लाज वाटली.

पहिलाच नंबर तिचा निघाला. ती सरळ खोक्याकडे निघाली. मागोमाग वेंडेल उठला आणि लोहारी कुजबुजीत, म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाला, "ते नको. ते आपलंच आहे. त्यात काही दम नाही."

सगळे हसले. आपण आणलेली वस्तू आपणच उचलायची नाही, हा मंडळाचा नियम मॅव्हिसने जाहीरपणे वाचून दाखवावा तसा म्हणून दाखवला. डोरीनने हाताला लागलं ते पोतं उचललं. उचललं म्हणजे उचलायचा प्रयत्न केला. त्यात रेल्वेरुळाचा तुकडा होता.

पण बसता बसता तिला एक गोष्ट सुचली. उरलेली वस्तू ज्याची त्याने घरी न्यायची असते. आणि खोक्यात दम नाही हे आता खुद्द वेंडेलनेच गावभर केलं होतं! खरंच कोणी त्याला हात लावेना. एकेक जण यायचा, खोक्यावरून नजर फिरवायचा आणि पुढचं काही उचलायचा. डोरीनच्या जिवात जीव आला. मधल्या मधे तिची तिकिटं लागतच राहिली. तिला ट्रॅक्टरची साखळी मिळाली, नांगराचा फाळ मिळाला, कसली तरी गंजलेली चाकं मिळाली. प्रत्येक वेळी वेंडेल टाळ्या वाजवायचा. तिच्या खुर्चीभोवती भंगाराचं दुकान उभं राहिलं, पण खोकं जागेवर होतं.

शेवटी टेबलावर खोकं आणि एक भलामोठा बोजा एवढंच उरलं आणि नंबर निघाला व्हर्लिन स्टेन्सरुडचा. व्हर्लिन म्हणजे अख्ख्या मंडळात सर्वांत मऊ मनाचा माणूस. त्याने बोज्याकडे हात नेला, थांबला आणि वेंडेलकडे पाहिलं. बिचाऱ्याच्या वस्तूला कोणी विचारत नाही, घरी परत न्यावी लागेल, चारचौघांत किती वाईट दिसेल! त्याने खोकं उचललं.

डोरीनने डोळे मिटले. दोरी सुटल्याचा, कागद फाटल्याचा आवाज आला आणि मग कसलाच आवाज आला नाही.

व्हर्लिनच्या हातात एमिलचा हातोडा होता. व्हर्लिनही एमिलच्याच भट्टीवर शिकलेला. त्याने माशाच्या खुणेवरून बोट फिरवलं.

"वेंडेल," तो म्हणाला, "हा तुझ्याकडे होता? आणि तू तो टोपीत घातलास?"

वेंडेलने हातोड्याकडे पाहिलं, मग डोरीनकडे. ती ताटलीतल्या बटाट्यांकडे बघत होती. मागच्या बाकावर काय घडलं ते समोरच्या आरशात बघून ओळखण्यात वेंडेलचं आयुष्य गेलं होतं. त्याला ओळखायला वेळ लागला नाही.

"शेडमध्ये पडून राहण्यापेक्षा," तो सावकाश म्हणाला, "चालवणाऱ्याच्या हातात बरा."

मॅव्हिसने एमिलची टोपी छातीशी धरली. लोक उभे राहिले. टाळ्या वाजल्या, कोणी नाक शिंकरलं. एवढा मोठ्या मनाचा माणूस या मंडळात दुसरा नाही, असं पुन्हापुन्हा बोललं गेलं. व्हर्लिनने हातोडा कानापाशी नेला, नखाने टिचकी मारली आणि डोळे मिटले. डोरीनला ते बघवेना.

घरी जाताना मागे लोखंड खडखडत होतं. डोरीन म्हणाली, "तो तुझा होता. नाताळचा."

"कळलं मला."

"तू बोलला का नाहीस?"

"व्हर्लिन रडत होता," वेंडेल म्हणाला. "आणि दांडा बारीक होता. एमिलचा हात लहान होता, माझ्या मुठीत फिरलाच असता. भिंतीवर टांगून ठेवावा लागला असता."

"हूक होते की," डोरीन म्हणाली.

तेव्हा तो हसला आणि तीही हसली. दांड्याचं खरं होतं की तिच्यासाठी रचलेलं होतं, हे तिला काही केल्या ठरवता येईना.

"पण मग त्या कानशी कुठे आहेत?" त्याने विचारलं.

"असतील तिथेच, बादलीत."

"म्हणजे गेल्या नाहीत!" वेंडेल म्हणाला. गाडी जरा वेगाने जाऊ लागली.

नाताळच्या सकाळी डोरीनने दुसरं काही जमलं नाही म्हणून त्याच जुन्या कानशी बादलीतून गुपचूप काढून, कागदात गुंडाळून, वर लाल फीत बांधून त्याच्यापुढे ठेवल्या आणि 'छान आहे' ऐकायची तयारी केली. वेंडेलने कागद सोडला. त्याचा चेहरा हरवलेलं कुत्रं घरी आल्यासारखा झाला. तो एक अक्षर बोलला नाही. त्याने एक कानस कानापाशी नेली, नखाने टिचकी मारली आणि डोळे मिटून ऐकत राहिला.

त्याच्याच शेडमधल्या, त्याच्याच बादलीतल्या, त्याच्याच कानशी! डोरीनने मनाशी म्हटलं, ठीक आहे, टिचकी ती टिचकी.

मग त्याने तिच्यासाठीची वस्तू पुढे केली. ती दोन्ही हातांनी धरावी लागली. तिने टोपीत जिंकलेल्या फाळापासून ती त्याने तिच्यासाठी मुद्दाम, रोज शेडचं दार लावून घेऊन, घडवली होती. अख्खा बैल टांगता येईल एवढा हूक होता.

"छान आहे," डोरीन म्हणाली.