अडुळशाचा डाग

परत आलेलं पुस्तक नाना शेवगावकर आधी उघडत नसत, हुंगत. दोन्ही हातांनी ते नाकाशी धरायचं, डोळे मिटायचे, अंगठ्यानं पानं फर्रकन सोडायची आणि मग निकाल द्यायचा. "कारकूनसाहेब, साठाव्या पानाच्या आसपास शेंगदाण्याची चटणी खाल्लीत." कचेरीतले कारकून कानावर हात ठेवत. नाना साठावं पान उघडून पुढे करत. तिथं तेलाचा डाग असे.

जामखेडच्या वाचनालयाचे नाना ग्रंथपाल. झाडूवाले तेच, चिटणीस तेच आणि पहारेकरीही तेच. बाजारतळाला लागून असलेल्या एका आडत दुकानाच्या माडीवर चार कपाटं, दोन बाकं आणि भिंतीवर एक बंद पडलेलं घड्याळ, एवढा पसारा होता. लढाईचे दिवस होते. मी नगरहून तिथल्या शाळेत गणिताचा मास्तर म्हणून गेलो होतो. गावात ओळखीचं कोणी नाही, संध्याकाळ काढायची कशी, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्या माडीचा जिना चढलो आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, "एखादी झकास रहस्यकथा द्या."

नानांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "झोप कशी आहे?"

"चांगली आहे."

"भूक? घराण्यात कोणाला फेफरं वगैरे?"

मी पुस्तक मागायला आलो होतो की पलटणीत भरती व्हायला, हेच मला कळेना.

"रहस्यकथा म्हणजे जोखीम आहे हो, मास्तर," नाना म्हणाले आणि माझ्या हातात कोकणच्या बंदरांचं प्रवासवर्णन ठेवलं. "आधी हे पचतंय का बघा."

'जोखीम आहे हो' हा त्यांचा मंत्र होता. पुस्तकातून दोन वाटांनी रोग शिरतो, असं त्यांचं ठाम मत. एक कागदातून आणि दुसरा मजकुरातून. रहस्यकथेनं छाती धडधडते. ऐतिहासिक कादंबरीनं डोक्यात रक्त चढतं, माणूस घरच्यांशी दरबारी बोलू लागतो. विनोदी पुस्तक जेवणावर लगेच नको, ठसका लागतो. कविता लग्न ठरेपर्यंत नकोच. एका तरुण ओव्हरसियरनं हट्टानं कवितांचं पुस्तक नेलं आणि पुढच्याच महिन्यात त्यानं ठरलेली सोयरीक मोडली. हा दाखला नाना प्रत्येकाला ऐकवत.

कागदातल्या रोगावर त्यांचा इलाज जालीम होता. परत आलेलं प्रत्येक पुस्तक एका पत्र्याच्या पेटीत कडुनिंबाचा पाला आणि ऊद यांच्या धुरीत एक दिवस बसे. त्यामुळे जामखेडात तुम्ही काहीही वाचलंत तरी वास बाळंतिणीच्या खोलीचा येई. "पुस्तक घरोघर निजून येतं, मास्तर," ते हलक्या आवाजात म्हणत. "कोणाच्या उशाखाली होतं ते आपल्याला काय ठाऊक?"

चौथ्या कपाटाला कुलूप असे. त्यात काय आहे विचारलं की नाना किल्ली जानव्याला आहे ना हे चाचपून बघत आणि म्हणत, "जोखमीची."

यातलं बरंचसं मी शाळेत नकला करून मास्तरांच्या खोलीत हशे पिकवायला वापरलं. पण एका गोष्टीची नक्कल मी कधी केली नाही. माडीच्या मागं परसात एक काळा पडलेला दगड होता. क्षयाच्या घरी गेलेलं पुस्तक परत आलं की नाना ते त्या दगडावर ठेवून जाळत. तो नियम त्यांनीच केला होता, आणि त्या घरचं नाव वहीतून जे खोडलं जाई ते कायमचं. मागच्या खिडकीतून तो दगड दिसे. मी त्या खिडकीकडे पाठ करून बसत असे.

कारण माझा थोरला भाऊ त्याच दुखण्यानं गेला होता. आमच्या घरी त्या आजाराचं नाव कोणी काढत नसे. 'छाती' एवढंच म्हणत. मी लहान होतो, पण त्याची थाळी वेगळी घासून वेगळ्या फळीवर पालथी ठेवलेली असे, हे मला पक्कं आठवत होतं.

दिवाळीनंतर मला दुपारी कसकस वाटू लागली. शाळा सुटेपर्यंत अंग तापलेलं असे. मग खोकला सुरू झाला. मग सदरे सैल झाले. मी कोणाला काही बोललो नाही. आरशात बघणं बंद केलं, हा माझा पहिला उपाय. दुसरा म्हणजे अडुळशाचा काढा. तो मी खोलीचं दार लावून, चोरून उकळत असे आणि नानांनी मोठ्या मुश्किलीनं मंजूर केलेली पहिली रहस्यकथा वाचत घोट घोट घेत असे. ऐन खुनाच्या पानावर मला ढास लागली आणि कप हिंदकळला. मी पान पुसलं, वाळवलं, वर पुस्तक दोन दिवस गहू भरलेल्या डब्यात ठेवलं. वास गेला असं मला वाटलं. नानांना ओळखणाऱ्या माणसानं करू नये ती चूक मी केली.

नानांनी पुस्तक नाकाशी नेलं, पानं सोडली आणि त्यांचे डोळे उघडेच राहिले. चटणी, तपकीर, खोबरेल यांतलं काहीच ते बोलले नाहीत. पुस्तक त्यांनी टेबलावर अगदी सावकाश ठेवलं.

"अडुळसा," ते म्हणाले. "किती दिवस झाले?"

"नाना, साधा खोकला आहे."

"किती दिवस?"

"महिना."

"दुपारी ताप?"

मला 'नाही' म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि ढास लागली. नाना खुर्चीवरून उठून मागं सरकले ते थेट कपाटाला टेकले. "उद्यापासून येऊ नका, मास्तर," ते म्हणाले. जिना उतरून बाजारतळ ओलांडेपर्यंत मागच्या परसातून मला रॉकेलचा वास आला.

गावच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, हं हं केलं आणि नगरला जाऊन छातीचा फोटो काढा म्हणाले. शाळेनं रजा दिली, तीही न मागता. नगरचा नंबर तीन आठवड्यांनंतरचा मिळाला. पेट्रोल लढाईवर गेलेलं, सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चाले, म्हणजे बहुतेक दिवस चालत नसे. तोवर खोलीत पडून राहायचं होतं. माझी खोली भागूबाई नावाच्या विधवा बाईच्या घराची पुढची बाजू. बाई मायाळू होती. पण दुसऱ्याच दिवशी बाहेरून आवाज आला, "मास्तर, भाकर उंबऱ्यावर ठिवलीया. मी लांब हुते, मग घ्या. आन ती थाळी तुमच्याकडंच राहू द्या, बरं का."

ती थाळी हातात घेऊन मी रडलो. मरणाची भीती काय असते ते मला त्या दिवशी कळलं. ती पोटात असते आणि दिवसाउजेडी, समोर गरम भाकरी असतानाही असते.

चौथ्या दिवशी दुपारी गल्लीत कोणीतरी घसा खाकरला. खिडकीतून बघतो तर समोरच्या भिंतीला पाठ लावून नाना उभे. नाकातोंडावर उपरणं घट्ट बांधलेलं, कानात कापूस, गळ्यात वेखंडाची माळ आणि हातात पुस्तक. दरोडेखोर आणि भटजी एकाच वेळी आल्यासारखे दिसत होते.

"खिडकीशी येऊ नका!" ते ओरडले. "खाटेवरच बसा. पुस्तक तुमच्या घरात येणार नाही, म्हणजे जाळायला नको. मी वाचतो, तुम्ही ऐका. मध्ये बोलू नका, जोखीम आहे."

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. किल्लेदाराच्या लेकीची कादंबरी होती. उपरण्याआडून किल्लेदार, त्याची लेक, फितूर कारभारी आणि घोडा सगळे एकाच कोंदट आवाजात बोलत. पहिला अर्धा तास मी हसू दाबत होतो. मग गडाला वेढा पडला आणि मी हसायचं विसरलो. गडावरचं पाणी संपत आलं तेव्हा तीन वाजून गेले होते आणि अंगात ताप भरलाय हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

ते रोज आले. सतरा दिवस आले. ऊन वाढलं की भिंतीच्या सावलीबरोबर सरकत. मी तोवर खुनाशिवाय दुसऱ्या कशाला पुस्तक म्हणतच नव्हतो. त्या सतरा दिवसांत मी हिमालयात हरवलेल्या एका माणसाचं प्रवासवर्णन ऐकलं, सासरी छळलेल्या सुनेची कादंबरी ऐकली, एका विक्षिप्त वैद्याचं आत्मचरित्र ऐकलं. मुलासाठी लिहिलेल्या एका बापाच्या कविताही ऐकल्या. कविता वाचताना नाना दोन्ही बाजूंना बघून घेत. ज्यांची नावंही मला ठाऊक नव्हती असे लेखक त्या गल्लीत येऊन माझ्याशी बोलून गेले. गल्लीतल्या बाया सूप घेऊन ओट्यांवर बसू लागल्या.

एकच गोष्ट मला खटके. पुस्तक संपत आलं की नाना अडखळत. पान उलटत, चष्मा पुसत, खाकरत आणि मग शेवट भरभर सांगून टाकत. वेढा उठे. हरवलेला माणूस घरी येई. सून माहेरी जाऊन गुटगुटीत होई. कवितांतलं आजारी मूल उठून अंगणात खेळू लागे.

"नानांच्या पुस्तकात कुनी मरतच न्हाई बगा," भागूबाई दाराआडून म्हणाली. "लई ग्वाड पुस्तकं हायेत."

मला मात्र वाटे, एवढं सुरेख लिहिणारे हे लेखक ऐनवेळी कच का खातात? तरी रोज दुपारी मी त्या शेवटाची वाट बघत असे. कोणीतरी वाचलं की मला रात्री झोप लागे, हे कबूल करायला आता लाज कसली.

नगरला फोटो निघाला. डॉक्टरांनी काच उजेडाकडे धरली. मी भिंतीवरच्या पालीकडे बघत बसलो, कारण त्यांच्या चेहऱ्याकडे बघण्याची हिंमत नव्हती. "छाती साफ आहे," ते म्हणाले. "हिवताप मुरलाय अंगात. कोयनेल घ्या." मी त्यांना तीनदा विचारलं. चौथ्यांदा ते चिडले.

महिन्याभरानं पुन्हा माडीचा जिना चढलो. नानांनी नगरच्या डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा वाचली, चिठ्ठीचा वास घेतला, मग लांबूनच माझाही घेतला. "बसा," म्हणाले आणि पाणी आणायला खाली गेले. चौथं कपाट उघडं होतं, किल्ली कुलपालाच. आत किल्लेदाराची लेक दिसली. ओळखीचं माणूस भेटावं तसा आनंद झाला. मी सहज शेवटचं प्रकरण उघडलं.

वेढा उठत नव्हता. ती पोरगी तहानेनं तटावरच मरत होती. मी दुसरं पुस्तक काढलं. हिमालयातला माणूस परत आलेला नव्हता, त्याच्या वहीवरून दुसऱ्या कोणी ते लिहिलं होतं. सुनेनं विहीर जवळ केली होती. ते मूल अंगणात खेळलं नव्हतं. त्या सगळ्या कविता ते गेल्यानंतरच्या होत्या.

नाना तांब्या घेऊन दारात उभे होते.

"नाना, हे सगळे मेलेत की!"

"चांगली पुस्तकं सगळी त्याच कपाटात आहेत हो," ते ओशाळून म्हणाले. "काय करणार?"

"पण तुम्ही रचून सांगत होतात? रोज?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. ते मागच्या खिडकीशी जाऊन त्या काळ्या दगडाकडे बघू लागले.

"आमची मंडळी आजारी होती तेव्हा मी तिला असंच वाचून दाखवत असे," ते म्हणाले. "तिच्याजवळ बसून. तेव्हा मला कशाची भीती नव्हती. तिच्यासारखीच एक आजारी बाई होती त्या कादंबरीत. शेवटचं प्रकरण वाचायच्या दिवशी तिनं विचारलं, 'वाचते ना हो ती?' मी मूर्ख. छापलं होतं तसं वाचलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं पुस्तक मागितलं नाही. पेजही घेतली नाही नीट. त्या दगडावर पहिल्यांदा जाळलं ते तेच पुस्तक, मास्तर. त्यात रोग होताच."

मी हातातलं पुस्तक टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उचललं, सवयीनं नाकाशी नेलं आणि न हुंगताच कपाटात ठेवलं. मग कुलूप लावताना एकदम वळले.

"सगळे शेवट वाचलेत? एका बैठकीत?"

"हो."

माणसाच्या सावलीलाही चार हात लांब राहणारे नाना माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. हात थंड होता.

"ताप नाही ना आला?" त्यांनी विचारलं.

"नाही, नाना."

तरी त्यांनी हात काढला नाही.