खारट मोज्याची मोहीम

ऐक रे, नुसतं ऐक, मध्ये बोलू नकोस, आणि हसायचं असेल तर शेवटी हस. ही हकीकत साधी नव्हे. ज्यांनी पाहिले त्यांच्या तोंडून जैसे ऐकिले तैसे, पदरचे मीठ न घालता सांगतो. मीठ जे लागले ते पुढे येईलच.

तर अमेरिकेत दक्षिणेच्या जॉर्जियाहून निघून डोंगरमाथ्यांनी थेट उत्तरेच्या मेन मुलखापावेतो जाणारी जी लांब पायवाट, तीवर झाडोझाडी आणि खडकोखडकी वीतभर पांढरी खूण रंगविलेली असते, आणि चालणारा या खुणेमागून त्या खुणेस धरोन महिनोन्महिने चालतो. आणि या वाटेचा रिवाज ऐसा की, आईबापांनी ठेविले नाव पहिल्या चढालाच गळून पडते, मग सोबती मंडळी नवा किताब बहाल करतात, आणि तो आवडो न आवडो, मेनपावेतो मिरवावा लागतो.

त्यांत राजमान्य मार्नी स्ट्रायकर, मुलूख ओहायो, पेशा उंच इमारतींच्या लिफ्टा तपासण्याचा, यांस किताब 'पंचनामा'. कारण की बाईंनी जॉर्जियातच शपथ वाहिली की वाटेवरील एकही खूण हाताचा पंजा लाविल्याविना सोडणार नाही. येथवर ठीक. परंतु मग बाईंनी सर्वांसाठी हुकूम जारी केला की, जो एक जरी खूण चुकवील त्याने माघारी जाऊन ती घ्यावी, नाहीतर मेनच्या शिखरावर फोटो काढू नये. हुकूम कोणी मागितला नव्हता. तरी दर निवाऱ्यात आणि दर पाणवठ्यावर तो बजावण्यात आला, आणि ऐकणारी मंडळी शेवया गिळत मान डोलावीत गेली.

दुसरे सरदार ओरिन पेटिग्रू, टेनेसीकडले, शाळेत पोरांस ढोल शिकविणारे. हे व्हर्जिनियातील डमॅस्कस गावापावेतो इमानाने खुणा धरून आले, आणि मग तेथून पुढचा चढ पाहोन त्यांची नियत फिरली, आणि नदीकाठी जुन्या रेल्वेचा जो सपाट रस्ता आहे त्याने शीळ घालीत जाऊन ते वरच्या वाटेस परत मिळाले. बाईंनी तत्क्षणी त्यांस 'आडवाट' हा किताब दिला. राव हसले. हसले म्हणोनच बाईंच्या मस्तकात तिडीक गेली.

तिसरे वयोवृद्ध व्हर्लिन टॅकेट, केंटकीचे, जन्मभर टपाल वाटोन निवृत्त जाहलेले. पायांस गोळे येऊ नयेत म्हणोन हे काकडीच्या लोणच्याचे खारे पाणी बरणीतून घोट घोट पीत, आणि गोचिडांच्या धास्तीने अंगास ऐसे काही उग्र औषध फासीत की माश्यासुद्धा वळसा घालून जात. यांस किताब 'लोणचेराव'.

आता मोहिमेस प्रारंभ. व्हर्जिनियातील उघड्या माथ्यांपाशी जो मोटाररस्ता लागतो, तेथे सकाळीच आडवाटराव कोणा अनोळखी गाडीत बसून, उद्या गाठतो, एवढे बोलून नाहीसे जाहले. बाकीचे दोघे वर चढोन निवाऱ्यात राहिले, आणि दुसरे दिवशी माध्यान्ही खडकावर भाकरतुकडा, म्हणजे रोटी आणि शेंगदाण्याचा लगदा, खात असता राव मागून हजर. केस धुतलेले, सदरा स्वच्छ, अंगास साबणाचा वास.

"आले बघा साहेब," पंचनामाबाई म्हणाल्या. "खुणा काय बाथटबमधनं मोजल्यास?"

"पाणी गरम होतं गं," राव म्हणाले. "तुझीच आठवण आली. म्हणजे, तुझा वास आठवला."

येथून सख्य संपले, आणि बाई पुढे, राव मागे, लोणचेराव मध्ये, ऐसे तिघे कूच करते जाहले.

त्या माथ्यांवर रानटी तट्टांचे राज्य आहे. पाय आखूड, पोट गोल, डोळ्यांवर झुलपे, आणि मिजास ऐसी की बादशहाने लाजावे. त्यांस हात लावणे मना, खाऊ घालणे मना, ऐसी पाटी जागोजाग ठोकिली आहे. तट्टांस मात्र पाटी वाचता येत नाही. चालणाऱ्यांच्या अंगी जो दिवसांचा घाम वाळून मीठ धरितो, त्या मिठाचे त्यांस भारी व्यसन, आणि ती येऊन पिंढऱ्या चाटतात, काठ्यांच्या मुठी चघळतात, आणि मग आभार न मानता जातात.

तेथे झाडे नाहीत, म्हणोन खुणा खांबांवर. कुंपणाच्या दरवाजास जो जाड लाकडी खांब, त्यावर कमरेइतक्या उंचीस ती पांढरी खूण होती, आणि नेमका त्याच खुणेवर एक भुरी घोडी आपला पार्श्वभाग टेकवोन, डोळे मिटोन, सावकाश घाशीत उभी होती.

बाई थबकल्या. प्रथम सामोपचार. "सरक बाई," ऐसे विनविले. घोडीने एक कान फिरविला आणि घासणे डावीकडून उजवीकडे नेले. मग बाईंनी टाळी वाजविली, काठी आपटली, ओहायोतील लिफ्ट अडकल्यावर जे शब्द वापरतात ते वापरिले. खांब हालला, घोडी न हाली. आणि इतक्यात पश्चिमेकडोन काळ्या ढगांचे दळ चालोन आले, आणि पहिला गडगडाट जाहला. उघड्या माथ्यावर विजेच्या वेळी उभे राहणे म्हणजे काय ते तिघांसही ठाऊक होते. बाकीची चालणारी मंडळी दरवाजातून भराभरा निघोन पायथ्याच्या निवाऱ्याकडे पळाली.

राव म्हणाले की एक खूण राहू दे, जीव राखू. बाई म्हणाल्या की तू बोलूच नकोस. लोणचेराव म्हणाले की हिला टाकून मी जाणार नाही, पण लवकर काय ते करा, मला दोन नातवंडं आहेत.

मग बाईंनी मसलत केली, आणि दूर गवतात बसोन आपली पिंढरी उघडी केली, जीवर मिठाचा पांढरा थर ऐसा की नकाशा काढावा. घोडीने वास घेतला आणि आली. आली, आणि खरखरीत जिभेने चाटू लागली, आणि खांब मोकळा जाहला. बाई उठोन धावल्या. परंतु मीठ धावले तशी घोडीही धावली, आणि बाईंआधी पोहोचोन पूर्ववत टेकली. पुन्हा तेच केले, आणि पुन्हा तेच घडले. मग लोणचेरावांस आमिष म्हणोन बसविले, तो औषधाच्या वासाने घोडी फुरफुरोन शिंकली आणि तोंड फिरविले. आडवाटरावांनी बरणी दाखवोन खारे पाणी गवतात ओतण्याची परवानगी मागितली.

"ते खाणं झालं," बाई म्हणाल्या. "पाटीवर लिहिलंय."

"आणि घाम?"

"घाम खाणं नाही. घाम म्हणजे मी."

यावर वाद घालण्यास कोणापाशी वेळ नव्हता. राहता राहिले आडवाटराव. त्यांनी मनगट पुढे केले. घोडीने हुंगिले आणि ऐसे पाहिले की जणू कोणी रिकामे ताट पुढे केले. साबणाने सर्व मीठ नेले होते. बाई कडवट हसल्या. तेव्हा रावांनी बाईंच्या पिशवीस बाहेर टांगलेले मोजे, जे डमॅस्कसपासून पाण्यास भेटले नव्हते आणि आपणहून उभे राहू शकत होते, ते काढिले, आणि तोंड वाकडे करोन दोन्ही हातांत, कोपरापावेतो, चढविले.

घोडीच्या नाकपुड्या फुलल्या. राव मागे मागे सरकत, हात पुढे नाचवीत, कुंपणाच्या कडेने उतारास लागले, आणि घोडी मागोमाग, आणि खांब दूर राहिला, आणि एक मोजा ओढाताणीत पार लांब जाहला, आणि आकाश कडाडले. बाईंनी धावोन खुणेवर पंजा मारिला. पंजास तट्टाचे केस लागले. फत्ते! मग पाऊस कोसळला, आणि बाई आणि लोणचेराव दरवाजातून, आणि राव खालच्या मोडक्या कुंपणावरून उडी घेऊन, मोज्यांसह, तिघेही पायथ्याकडे पळत सुटले.

निवाऱ्यात बाईंनी विजयाची हकीकत सांगण्यास आरंभ केला, तो पाऊस ओसरला आणि राव बूट बांधू लागले.

"कुठे?" बाई म्हणाल्या.

"वर. खूण राहिली ना माझी. मी खालून उडी मारली."

"एक खूण राहिली म्हणून? तुझ्या किती राहिल्यात."

"एकच. आत्ताची."

बाईंस उमज पडेना. तेव्हा लोणचेराव बरणीचा घोट घेऊन म्हणाले, "अगं, काल तो आंघोळीला नव्हता गेला. गाडीने मागे गेला, डमॅस्कसहून तो सगळा राहिलेला चढ दिवसभर चालला, आणि मग धुतलं अंग. मला म्हणाला, तिला सांगू नका, ती भाषण करेल."

बाईंवर आपलाच हुकूम वाकविण्याची पाळी आली. बखरीत ऐसा प्रसंग दुसरा नाही. मग घसा खाकरोन त्यांनी फर्मान काढिले की, सोबत्याच्या कामी ज्याची खूण चुकली त्यास ती लागली ऐसे समजण्यात येईल. रावांनी फर्मान नामंजूर केले. कायदा तुझा आहे, तो मला आवडायला लागलाय, आता मोडू नकोस, इतके म्हणोन ते चालू लागले. मग बाईही उठल्या. आल्या वाटेने एक पाऊलही फिरून न चालणारी ही बाई तोच डोंगर पुन्हा चढू लागली, आणि लोणचेराव कुरकुरत मागोमाग.

वर ऊन पडले होते. खांब होता. खांबास टेकोन भुरी घोडी होती.

बाईंनी पिंढरी पुढे केली. घोडीने हुंगिले आणि डोळे मिटिले. पावसाने सर्व मीठ धुवोन नेले होते. मोजेसुद्धा जन्मात प्रथम स्वच्छ. लोणचेरावांनी बरणी गवतात ठेविली, सहज दिसेल ऐसी. बाईंनी बरणी पाहिली, पाटी पाहिली, रावांकडे पाहिले. आणि मग पिशवी उतरवोन, असतील नसतील ते सर्व गरम कपडे अंगावर चढवोन, बाई त्या उतारावरून पळू लागल्या. खाली आणि वर, आणि पुन्हा खाली आणि पुन्हा वर, गार वाऱ्यात, तोंडाने लिफ्टवाले शब्द उच्चारीत, घाम येईपावेतो आणि आलेला वाळेपावेतो आणि पुन्हा येईपावेतो. राव म्हणत होते की पुरे गं. बाई म्हणत होत्या की उभा राहा खांबापाशी, बडबडू नकोस.

शेवटी घोडीने एक डोळा उघडिला.

येणेप्रमाणे सूर्य डोंगराआड जाण्याआधी, पंचनामाबाई गवतात उताण्या पडल्या असता आणि घोडी त्यांचे कपाळ, कान आणि मान निगुतीने चाटीत असता, ओरिन पेटिग्रू यांनी खुणेस पंजा लाविला, आणि खांब सर झाला. 'आडवाट' हा किताब बाईंनी पडल्या जागेवरून रद्द केला. राव म्हणाले, "राहू दे, सवय झाली." बरणीचे झाकण उघडिले गेले नाही, हेही नमूद असावे.

आता हस. पण खरं सांग, तू असतास तर पळाला असतास, की बरणी उघडली असतीस?