भोकावर भोक

रायफल जुळवण्यात काय आहे हो? सुटे भाग आणायचे, चार स्क्रू पिळायचे, झालं! असं मी आमच्या वायोमिंगच्या गावात भेटेल त्याला सांगत होतो. शनिवारी क्लबात घरच्या जोड्यांची नेमबाजी होती ना! एकाने गोळ्या झाडायच्या, दुसऱ्याने मदतीला बसायचं; आमची सासरा-जावई जोडी.

माझे सासरे ऑर्विल यांनी चाळीस वर्षं लेथवर काढलेली. ते म्हणाले, "जावईबापू, नळीला वरून एक बारीक भोक असतं. त्यावर गॅसचा ठोकळा चढतो. भोकावर भोक आलं, तर जळलेल्या दारूचा गॅस मागे जाऊन पुढची गोळी आपोआप भरतो. नाही आलं, तर बोंबला! आणि ठोकळा चढला की भोक झाकलं जातं. तेव्हा आधी पेन्सिलीनं खूण करा."

"पप्पा, मला डोळे आहेत!"

"तेच म्हणतोय, ठोकळ्याला नाहीत."

मी अंदाजानेच ठोकळा चढवला. वर असा जालीम गोंद लावला की एखादा पूल पडेल, पण हा हलणार नाही!

शुक्रवारी क्लबात सरावाला गेलो. ठो! मग शुकशुकाट. हाताने बाजूचा दांडा ओढून गोळी भरली. ठो! पुन्हा शुकशुकाट. गोळ्या बदलल्या. स्प्रिंग बदलली. तेल इतकं ओतलं की रायफल तळायला घेतल्यासारखी दिसायला लागली. शेवटी वैतागून बायकोला, लोरीनला, फोन केला.

"गॅस अडकलाय गं! मार्गच सापडत नाहीये त्याला!"

"कधीपासून?"

"सकाळपासून! आवाज दणदणीत होतो, पण पुढे काही नाही!"

"अरे देवा! डाव्या कुशीवर झोप, मी आईला पाठवते!"

"आईला कशाला?" म्हणेपर्यंत फोन कटला.

अर्ध्या तासात सासूबाई पुदिन्याचा चहा आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन हजर! अख्ख्या क्लबासमोर खणखणीत आवाजात विचारतात, "सुटला का रे?"

माणसं खुर्च्यांवरून घसरली. सासूबाईंच्या मागून पप्पा गाडीतून उतरले. त्यांनी रायफल रिकामी असल्याची खात्री केली, ठोकळ्यावर बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग रायफल उचलून सरळ गाडीत ठेवली. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या!

आपल्या वर्कशॉपात त्यांनी ठोकळा तापवून सोडवला. ठोकळ्याचं तोंड एकीकडे, नळीचं भोक दुसरीकडे. भांडलेल्या नवरा-बायकोसारखी दोघं पाठ फिरवून बसलेली! पप्पांनी पेन्सिलीची रेघ मारली, ठोकळा सरळ बसवला. बारा मिनिटांत काम फत्ते. माझा चेहरा बघून हळूच म्हणाले, "शिकाऊ असताना मी मालकाचा लेथच जाळला होता. व्हर्नाला सांगू नका." व्हर्ना म्हणजे सासूबाई.

शनिवारी रायफल शिवणयंत्रासारखी चालली! दहा गोळ्या, एकही अडकली नाही. मी उठून टोपी उडवली, पप्पांना मिठी मारली. त्यांचेही डोळे पाणावले.

तेवढ्यात पंच निकाल घेऊन आले. "सात नंबरचं लक्ष्य कोरं आहे. आठ नंबरच्या डॉक्टरीणबाईंच्या लक्ष्यावर मात्र वीस भोकं!"

सात नंबर आमचा होता.

नियमानुसार विसातली उत्तम दहा बाईंच्या खात्यात गेली. भोकांच्या मापावरून त्यातली आठ माझी होती, हे मी सगळ्यांना आवर्जून सांगितलं. का सांगितलं, देव जाणे! घरी जाताना बावीस मैल पप्पा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. सासूबाई मात्र बोलल्या. बावीसही मैल.